मदत हवी आहे: सगळे नळ बंद, तरी कॅरव्हॅनचा पंप रात्रभर घरघरतो, गळती सापडत नाही

चाकांवरचं_घर:

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपूर्वी आम्ही आठ वर्षं वापरलेली कॅरव्हॅन घेतली. बाकी गाडी झकास आहे, पण पाण्याच्या लाइनने जीव खाल्लाय. कुठून तरी गळतंय हे नक्की. कुठून, तेच कळत नाही.

आधी रचना सांगते. पलंगाखाली १५० लिटरची टाकी, तिला चिकटून १२ व्होल्टचा पंप. तिथून पेक्सचे (लवचीक प्लास्टिकचे) निळे-लाल पाइप ओट्याखालच्या कपाटातून सिंकला आणि पुढे न्हाणीघरात जातात. गीझर २२ लिटरचा. शिवाय मुक्कामाच्या ठिकाणी बाहेरच्या नळाची होज जोडायला गाडीच्या अंगाला तोंड आहे.

आता त्रास. एक, रात्री सगळे नळ बंद असताना पंप मधूनच दोन-तीन सेकंद घर्र करतो नि गप्प होतो. घड्याळ लावून पाहिलं, साधारण दर २५ मिनिटांनी. दोन, ओट्याखालच्या कपाटात मागच्या कोपऱ्यातलं प्लायवूड कायम दमट असतं. हात लावला तर ओलं म्हणावं इतकं ओलं नाही, पण पुठ्ठा ठेवला तर सकाळी मऊ पडलेला असतो. तीन, आणि हे मला अजिबातच झेपलेलं नाही, बाहेरची होज जोडून पंपाचं बटण पूर्ण बंद ठेवलं तरी सकाळी मागच्या चाकाजवळ चांगलं थारोळं असतं. पंप चालूच नाही, मग पाणी ढकलतंय कोण?

आतापर्यंत केलेले उद्योग: दिसतील ते सगळे नट आवळले. सिंकखालच्या दोन जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळली. सिंकचा नळच बदलला. फरक शून्य. (थंड नळाला आंघोळीच्या वेळी कोमट पाणी येतं, पण तो वेगळा विषय, त्यासाठी नंतर दुसरा धागा काढेन.)

जाणकारांनी कृपया सांगावं, सुरुवात कुठून करू? सगळं फर्निचर उचकटायची तयारी आहे, पण शेवटचा उपाय म्हणून. आगाऊ धन्यवाद.

ठोकठाक:

गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह. डोळे मिटून सांगतो. माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. गीझर तापला की बाहेरच्या जाळीतून टपटप, आणि खाली थारोळं. व्हॉल्व्ह बदला, सुखी व्हा.

भटकभवानी:

गीझरचं मला कळत नाही, पण टेपबद्दल बोलते कारण त्या टेपपायी मी दोन नट फोडलेत. तुमच्या त्या जोडांमध्ये प्लास्टिकचा नट आणि आत शंकूसारखा रबरी वॉशर असेल, तर पाणी अडवण्याचं काम तो वॉशर करतो, आटे नाही. टेपने काही होत नाही, उलट वॉशर नीट बसत नाही. टेप काढा, वॉशर उलटा नाही ना ते बघा, हाताने घट्ट करा आणि मग पान्याने फार तर पाव फेरा. त्यापुढे आवळलं की प्लास्टिकला केसाएवढी चीर जाते आणि ती महिनाभराने बोलायला लागते.

जुना_पाना:

ताई, फर्निचरला अजून हात लावू नका. पाणी दिसतं तिथेच गळतं असं धरून चाललं की माणूस चांगले नळ बदलत सुटतो. आधी दाब कुठे जातोय ते शोधू.

पंपाच्या डोक्यात प्रेशर स्विच असतो. लाइनचा दाब साधारण ५० पीएसआयपर्यंत, म्हणजे जवळपास साडेतीन बारला पोचला की तो पंप बंद करतो, आणि दाब ठरावीक खाली आला की पुन्हा चालू. नळ बंद असताना पंप उठतो, म्हणजे दाब कुठूनतरी निसटतोय. निसटायच्या वाटा दोनच. एक तर पाणी लाइनमधून बाहेर गळतंय. नाहीतर ते पंपातूनच उलटं टाकीत परत जातंय, आणि तसं असेल तर कुठेही एक थेंब दिसणार नाही.

पंपातला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह हे परत जाणं अडवतो. तो नीट बसत नसेल तर तुमच्या तिसऱ्या कोड्याचंही उत्तर मिळतं. बाहेरच्या नळाचा दाब पंपाच्या तोंडावर मागून येतो, पाणी व्हॉल्व्हमधून झिरपून टाकीत शिरतं, टाकी आधीच भरलेली असली की ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली सांडतं. ती नळी बहुतेक मागच्या चाकापाशीच निघत असेल, वाकून बघा.

खात्री करायची तर असं करा. टाकी अर्धी रिकामी करा. टाकीच्या अंगावर कागदी टेपची पट्टी लावून पाण्याच्या पातळीला पेन्सिलीची रेघ ओढा. पंप बंद, बाहेरची होज चालू, रात्रभर तसंच. सकाळी पाणी रेघेच्या वर गेलेलं दिसलं तर चोर पंपात आहे.

आणि हो, बाहेरच्या नळाला रेग्युलेटर, म्हणजे पाण्याचा दाब मर्यादेत ठेवणारा जोड, लावता ना? ४० ते ५० पीएसआयचा, आणि तो गाडीच्या तोंडाला न लावता नळाच्या तोंडाला लावायचा, म्हणजे होजही वाचते.

@ठोकठाक, गीझर तापताना पाणी प्रसरण पावतं आणि गीझरच्या टाकीत वरती हवेचा कप्पा उरलेला नसेल तर तो व्हॉल्व्ह टपकतो. त्यात व्हॉल्व्हचा दोष असेलच असं नाही. बऱ्याचदा गीझर थंड करून, पाणी बंद करून, गरम नळ उघडा ठेवून व्हॉल्व्हची दांडी उचलली की हवा पुन्हा भरते आणि टपकणं थांबतं. पण यांचा पंप गीझर बंद असतानाही रात्रभर उठतोय.

चाकांवरचं_घर:

@भटकभवानी, टेप काढली. एक वॉशर खरंच उलटा होता! पण तो मीच नळ बदलताना उलटा बसवला असणार, कारण तिथे आधी ओल नव्हती.

@जुना_पाना, खूप आभार. गीझर रात्री बंदच असतो, जाळी कोरडी खडखडीत. रेग्युलेटर आहे, पण आम्ही तो गाडीच्या बाजूला लावत होतो, आता बदलला. पट्टी लावली आहे, सकाळी कळवते.

थेंबेथेंबे:

धागा वाचताना कंसातल्या एका वाक्यापाशी अडलो. थंड नळाला कोमट पाणी येतं, तो वेगळा विषय नाहीये. गरम आणि थंड लाइन कुठेतरी एकमेकींना मिळाल्या असल्याशिवाय असं होत नाही. हिवाळ्यात गीझर बाजूला ठेवायचा बायपास अर्धवट उघडा राहिला तर सहसा गरम नळ कोमट होतो. तुमचं उलटं आहे, थंडाचं कोमट.

गाडीच्या बाहेरच्या अंगाला एखादी झाकणाची डबी आहे का? आत छोटा हातशॉवर आणि दोन नॉब असलेली? असली तर त्या डबीची मागची बाजू गाडीच्या आत कुठे येते, ते सांगा.

चाकांवरचं_घर:

आहे! पण ती आम्ही कधी उघडलीच नाही, किल्ली दुसऱ्या जुडग्यात होती. आत्ता उघडून आले. मागची बाजू... ओट्याखालचं कपाट. मागचा कोपरा.

सांगते काय दिसलं. निळा नॉब उघडा, लाल नॉब उघडा. आधीच्या मालकांनी शॉवरच्या मुठीवरचं बटण दाबून पाणी बंद केलं असणार आणि वाटलं असेल झालं बंद. म्हणजे ती वीतभर होज चार महिने, कदाचित जास्तच, सतत दाबाखाली आहे. होज जिथे मिक्सरला (गरम-थंड पाणी एकत्र करणाऱ्या नळाला) जोडली आहे तिथला वॉशर चपटा होऊन काळा पडलाय आणि तिथे थेंब धरतो, लोंबतो, मग सुटतो. मोबाइलवर वेळ लावून मोजले, मिनिटाला चाळीसेक. बरेचसे डबीच्या खालच्या काठावरून गाडीबाहेर पत्र्यावर ओघळतात, तिथे पांढरी रेघ पडली आहे जी आम्ही क्षाराचा डाग समजून दोनदा पुसली. उरलेलं डबीच्या मागच्या फटीतून आत.

दोन्ही नॉब बंद केले. थंड नळाचं पाणी ताबडतोब थंड झालं!!

थेंबेथेंबे:

वा. चाळीस थेंब म्हणजे मिनिटाला साधारण २ मिली, दिवसाला जवळजवळ ३ लिटर. प्लायला तेवढं पुरतं. वॉशर बदला, डबीच्या कडेचं जुनं सीलंट खरवडून नवं भरा. आणि नॉब बंद करूनही वॉशर बदलाच, नाहीतर कधी वापरायला काढाल तेव्हा परत तेच.

जुना_पाना:

शाब्बास, थेंबेथेंबे. मी कंस वाचलाच नव्हता.

पण ताई, रात्रीचं काय झालं? मला वाटत नाही पंप एवढ्याने गप्प बसेल.

चाकांवरचं_घर:

नाही बसला. नॉब बंद केल्यावर २५ मिनिटांचं जेमतेम २७-२८ झालं. आणि पट्टीवर पाणी रेघेच्या पावणेदोन बोटं वर चढलं. ओव्हरफ्लोची नळीही शोधली, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, तुम्ही म्हणालात तिथेच. म्हणजे चोर दोन होते.

पंप नवाच घ्यावा का? की बाहेरून वेगळा एनआरव्ही (नॉन रिटर्न व्हॉल्व्ह) लावता येतो?

जुना_पाना:

पंपाच्या पुढे एनआरव्ही लावला, बाण नळांच्या दिशेने ठेवून, तर टाकी उलटी भरणं थांबेल. पण पंपाचं रात्री उठणं थांबेलच असं नाही. प्रेशर स्विच पंपाच्या डोक्यात, म्हणजे नव्या व्हॉल्व्हच्या अलीकडे. तिथला दाब जुन्या व्हॉल्व्हमधून निसटत राहिला तर स्विच उठवणारच. उलट तेवढ्या इवल्याशा जागेतला दाब पटकन उतरतो, त्यामुळे पंप आणखी वरचेवर उठण्याचीही शक्यता.

आधी उघडून बघा. पंपाचा फ्यूज काढा, बाहेरचा नळ बंद, एखादा नळ उघडून लाइनचा दाब सोडा. टाकीकडून येणाऱ्या पाइपला कॉक असेल तर तो बंद, नसेल तर टाकी रिकामी. मग डोक्याचे स्क्रू काढा. प्रत्येक थर काढायच्या आधी फोटो काढा, ही आळशीपणा करायची जागा नाही. आत रबरी चकत्या दिसतील. त्यांच्यावर आणि त्या टेकतात त्या कडांवर कचरा आहे का बघा. बसवताना स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा.

पंपाच्या आधी कचरा अडवायची जाळीची वाटी आहे ना?

चाकांवरचं_घर:

वाटी आहे. जाळी नाही! वाटी उघडली तर आत नुसती पोकळी.

आणि पंपात हे सापडलं: पांढऱ्या प्लास्टिकचं एक वेटोळं, कापलेल्या नखाएवढं, रबरी चकतीच्या कडेखाली अडकलेलं. टाकीत हात घालून चाचपलं तर तळाशी असली आणखी सात-आठ. टाकीला वरून पातळीचा सेन्सर नंतर बसवलेला आहे. भोक पाडताना ड्रिलचा भुगा आत पडला आणि कोणी काढलाच नाही.

चकतीला ओरखडा नव्हता. धुऊन बसवली, टाकी दोनदा खळबळून धुतली, नवी जाळी घातली. काल रात्री पंप एकदाही उठला नाही. मीच तीनदा उठले, ऐकायला.

ठोकठाक:

अभिनंदन. आणि एक कबुली. तुमची ती डबी वाचून मीही खाली जाऊन बघून आलो. माझेही दोन्ही नॉब उघडे होते.

भटकभवानी:

@ठोकठाक, :))

ताई, एक विचारते. प्लायचं काय करणार? वरून कोरडं दिसलं म्हणून झाकू नका. पातळ स्क्रूड्रायव्हरने दर दोन बोटांवर हलकं टोचत जा. टोक अडलं तर ठीक, लोण्यात शिरल्यासारखं गेलं तर तेवढा भाग गेला.

चाकांवरचं_घर:

टोचून पाहिलं. तळहाताएवढा तुकडा गेलाय, बाकी टणक आहे. तेवढा कापून काढला. खाली इन्सुलेशन ओलं होतं, तेही काढलं. कपाटाचं दार उघडं ठेवून छोटा पंखा लावलाय. मिक्सरच्या जोडाला, सिंकच्या दोन्ही जोडांना आणि पंपाच्या दोन्ही तोंडांना कोरडा टिश्यू गुंडाळून ठेवलाय आणि रोज सकाळी दाबून बघते. ओला झाला तर कागद लगेच सुरकुततो, हातापेक्षा कागदाला आधी कळतं.

आज सातवा दिवस. पाचही टिश्यू कोरडे. कापलेल्या जागी हात लावला तर अजून गारवा लागतो, म्हणून नवी फळी आणून ठेवली आहे, बसवलेली नाही.