मदत हवी आहे: ७६ वर्षांच्या आत्याचा साडेपाच महिन्यांचा अमेरिका मुक्काम, प्रवास विमा कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आत्या पहिल्यांदाच परदेशात चालली आहे. आतेबहिणीचं बाळंतपण आहे, म्हणून मुक्काम लांबलचक. व्हिसा आला, तिकीट काढून झालं, बॅगेचं वजनही दोनदा करून झालं. घोडं अडलंय ते विम्यापाशी. "कॉम्प्युटरवरचं ते तू बघ" या घरच्या नियमाने काम माझ्याकडे आलं आणि गेले दहा दिवस मी रोज रात्री माहितीपत्रकं वाचतोय. जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो.

आत्याचं वय ७६. रक्तदाब आणि मधुमेह आहे, दोन्ही गोळ्यांवर आटोक्यात. सहा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट आहे. गुडघे कुरकुरतात, तरी रोज तासभर चालते. एका एजंटला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "स्टेंट लिहायलाच हवा का? सहा वर्षं झाली की!" त्या दिवसापासून मी त्याचा फोन घेत नाही.

काकांचं म्हणणं वेगळंच. युरोपात शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा असतो, अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला तशी सक्ती नाही, मग कशाला पैसे घालवायचे? सक्ती नाही हे खरं आहे. पण तिथे एक रात्र जरी दवाखान्यात काढावी लागली तरी बिल आतेबहिणीच्या गळ्यात पडणार, आणि तेही ऐन बाळंतपणात. त्यामुळे विमा घ्यायचा हे नक्की. बजेट मात्र बेताचं आहे.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत. इथल्या कंपनीची ज्येष्ठांसाठीची पॉलिसी. अमेरिकेतल्या कंपनीची स्वस्तातली, जिला 'फिक्स्ड बेनिफिट' म्हणतात. आणि तिथलीच 'कॉम्प्रिहेन्सिव्ह', जिचा प्रीमियम बघून मी लॅपटॉप मिटला. पहिल्या दोन्हींवर ठळक अक्षरांत ५०,००० डॉलर लिहिलंय. मग महागडी का घ्यायची? आधीच्या आजारांचं नेमकं काय होतं? आणि आधी तीन महिन्यांचीच घेऊन पुढचं पुढे बघितलं तर चालेल का? ज्यांनी आईवडिलांसाठी हे केलंय त्यांनी कृपया लिहा. "गूगल करा" सांगू नका, तेच करून इथे आलोय.

प्रतिसाद:

आईबाबांसाठी तीनदा विमा काढलाय आणि एकदा क्लेमही केलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

ते ठळक ५०,००० आधी विसरा. फिक्स्ड बेनिफिटमध्ये प्रत्येक गोष्टीला आपापली मर्यादा असते: डॉक्टरांच्या एका भेटीचे इतके, दवाखान्यातल्या एका दिवसाचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. बिल त्याच्या दसपट आलं तरी कंपनी तेवढेच देते, उरलेले आपण भरायचे. म्हणून तर ती स्वस्त. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये आधी ठरलेली रक्कम आपण भरतो, तिला डिडक्टिबल म्हणतात. त्यापुढे कंपनी बिलाचा मोठा हिस्सा पॉलिसीच्या कमाल रकमेपर्यंत देते. इथल्या पॉलिसीतही ठरावीक वयानंतर सब-लिमिट (एकूण रकमेच्या आत प्रत्येक खर्चाला वेगळी मर्यादा) लागू शकतात, म्हणजे नाव कॉम्प्रिहेन्सिव्हसारखं आणि वागणं फिक्स्डसारखं. माहितीपत्रक बाजूला ठेवा, 'पॉलिसी वर्डिंग' नावाची सगळ्या अटींची लांबलचक फाइल मागवा आणि त्यात आत्याच्या वयाचा रकाना शोधा.

आता आजार. रक्तदाब, मधुमेह, हृदय, तिन्ही 'आधीपासूनचे आजार' ठरणार. त्यांची नेहमीची तपासणी, गोळ्या, साखर वाढली म्हणून डॉक्टरांकडे जाणं यातलं काहीही अशा पॉलिसीत सहसा बसत नाही. चांगल्या अमेरिकन योजनांत 'अक्यूट ऑनसेट' नावाचं कलम असतं. जुन्या आजाराने काही लक्षण नसताना अचानक उचल खाल्ली आणि २४ तासांच्या आत उपचार घेतले, तर खर्च मिळतो. त्यातही वयाची अट असते, काही योजनांत ७० ची, काहींत ८० ची, आणि रक्कमही मुख्य रकमेपेक्षा कमी असू शकते. आत्या ७६ ची आहे, तेव्हा आधी हे कलम वाचा आणि मग प्रीमियम. तीन दिवस छातीत दुखतंय आणि चौथ्या दिवशी दवाखाना गाठला, तर 'अचानक' म्हणता येत नाही. आपल्या आयांची "उगाच कशाला, बरं वाटेल" ही सवय इथे फार महागात पडते. आत्याला हे निघण्याआधीच सांगून ठेवा.

स्टेंट लपवू नका. क्लेमच्या वेळी कंपनी जुने कागद मागवू शकते, आणि दवाखान्यात तर आत्या स्वतःच डॉक्टरांना सगळा इतिहास सांगणार. लपवलेलं उघड झालं की स्टेंटशी संबंध नसलेला क्लेमही अडकू शकतो.

हप्ता कमी करायचाच असेल तर डिडक्टिबल वाढवा. लहान खर्च आपण सोसायचा आणि मोठ्यासाठी विमा ठेवायचा. फक्त ते डिडक्टिबल संपूर्ण पॉलिसीला एकदाच आहे की दर आजाराला वेगळं, ते विचारून घ्या. सामान हरवणं, विमान चुकणं यांचा जास्तीचा विमा मी तरी घेत नाही.

प्रतिसाद:

वरच्या ताई सगळं बोलल्याच आहेत. तीन महिन्यांच्या प्रश्नाचं तेवढं सांगतो: तुकडे करू नका. पहिल्या पॉलिसीत फ्लू होऊन न्यूमोनिया झाला, तर दुसऱ्या नव्या पॉलिसीच्या दृष्टीने तोही आधीचाच आजार. निघाल्यापासून परत येईपर्यंतचे पूर्ण दिवस एकाच पॉलिसीत घ्या, परतीचं तिकीट पुढे ढकलायची वेळ आली तर तीच वाढवता येते का तेही बघा. इथली कंपनी असेल आणि तिने क्लेमची तक्रार फेटाळली, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. तिथल्या कंपनीशी भांडायला तुम्हाला तिथले नियम धुंडाळावे लागतील.

प्रतिसाद:

मी अमेरिकेतच राहते. किरकोळ ताप, लघवीचा संसर्ग, मुरगळलेला पाय यांसाठी थेट इमर्जन्सी रूम गाठू नका, 'अर्जंट केअर' (किरकोळ तातडीच्या दुखण्यांचं क्लिनिक) बघा. बिलात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. छातीत दुखलं, बोलणं अडखळलं तर मात्र काहीही न शोधता ९११ हा आणीबाणीचा नंबर फिरवा. जवळजवळ सगळ्या मोठ्या दवाखान्यांच्या इमर्जन्सीत १९८६ च्या कायद्याने पैशांचा विचार न करता तपासून रुग्णाला स्थिर करावंच लागतं. बिल नंतर येतं, ते माफ होत नाही. बिल आलं की आधी बाबवार तपशील मागा आणि 'फायनान्शियल असिस्टन्स'बद्दल (बिलात मिळू शकणाऱ्या सवलतीबद्दल) विचारा.

गोळ्या पूर्ण मुक्कामाच्या आणि वर थोड्या जास्त द्या, मूळ पाकिटांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक, म्हणजे मूळ घटकाचं, नाव हवं. आपलं ब्रँडनेम इथे कुणाला कळत नाही. पॅरासिटामॉलसुद्धा इथे अ‍ॅसिटामिनोफेन होतं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. फिक्स्ड बेनिफिटवर फुली मारली. कॉम्प्रिहेन्सिव्हचं डिडक्टिबल वाढवून बघितलं तर हप्ता आवाक्यात येतोय. इथल्या कंपनीकडून पॉलिसी वर्डिंग मागवलंय, अजून आलेलं नाही.

आत्याला 'अक्यूट ऑनसेट' समजावून सांगितलं. म्हणाली, "म्हणजे दुखलं की लगेच बोंबलायचं, एवढंच ना? मग सरळ मराठीत सांग की."

आता एकच शंका उरली आहे. तिकीट काढताना एअरलाइनच्या साइटवर त्यांचा विमा आपोआप टिक झाला होता आणि मी तो काढला नाही. तो रद्द करून पैसे मिळतात का? कुणी केलंय?