मुलीला गाण्याची शिकवणी लावलीय, तयारी काय करू?

बी-२०३: नमस्कार मंडळी. लेकीला (वय ९) नौपाड्यात एका बाईंकडे गाणं शिकायला घालतेय. आठवड्यातून एकदा, ४५ मिनिटं, ती एकटीच. शनिवारी पहिला दिवस. घरी काय करून घेऊ? आम्हा दोघांनाही गाण्यातलं काही कळत नाही.

सी-६०१: अरे वा! पेटी लगेच घेऊ नका, बाईंना विचारून घ्या. तोवर मोबाइलवरचा तानपुरा पुरतो. पहिल्याच दिवशी तिची पट्टी विचारा आणि तानपुरा त्याच पट्टीत लावा. आमच्याकडे घरी काळी दोन, शिकवणीत काळी चार, असं महिनाभर चाललं होतं.

बी-२०३: पट्टी म्हणजे?

सी-६०१: तिचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते. काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी.

ए-७०४: ताई, जरा सविस्तर लिहिते, कारण आमचे सहा महिने वाया गेलेत. मुलगी शनिवारी जायची, मधले सहा दिवस वही उघडायचीच नाही. शुक्रवारी रात्री तासभर घोकायचं. मग सरांची पहिली २० मिनिटं मागचंच उजळण्यात जायची. एकदा सर म्हणाले, "मी इथे दाखवणार, गळ्यावर चढणार ते घरीच." तेव्हापासून रोज १५ मिनिटं, शाळेआधी. आधी नुसता सा लावायचा, मग अलंकार (सुरांच्या ठरावीक क्रमाचा सराव), मग चालू असलेला राग.

दुसरं, सरांना विचारून शिकवणी रेकॉर्ड करतो. तेव्हा भूप राग चालू होता. भूपात म आणि नी नाहीत, पण धवरून वरच्या सावर जाताना हिचा नी लागायचाच. सर थांबवायचे, हिला वाटायचं आपलं बरोबरच आहे. घरी ऐकलं तेव्हा स्वतःच म्हणाली, "आई, इथे मध्ये काहीतरी येतंय." मग आठवडाभर तेवढीच जागा, ध सां, ध सां, अगदी सावकाश, तानपुऱ्यावर. पुढच्या शनिवारी नी लागला नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि अडलेल्या ओळीला पेन्सिलीने खूण करून द्या. गेल्या गेल्या आधी तीच दाखवू दे.

डी-४०२: परीक्षेला कधी बसवायचं? गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा?

ए-७०४: ते बाईंनाच ठरवू द्या. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष नकोच. परीक्षेचे राग पाठ होतात, कान तयार होत नाही. त्यापेक्षा ऐकायला न्या. गायक पं. राम मराठ्यांच्या नावाने आपली ठाणे महापालिका संगीत महोत्सव भरवते, तिथे तासभर जरी बसली तरी खूप.

सी-६०१: हो, आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकचा हिशेब धरून निघा. धापा टाकत पोचलेल्या पोराचा सा लागत नाही.

बी-२०३: खूप आभार सगळ्यांचे 🙏 सकाळी पावणेसातला बसवेन म्हणते. खाली त्रास नाही ना होणार?

बी-१०३: अजिबात नाही. सासूबाई त्या वेळी चहा घेत खिडकीशीच बसलेल्या असतात. खिडकी उघडी ठेवा, त्यांना ऐकायचंय.