तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणताना मन लागत नाही, काय करावं?

बारदेशची सून:
माझं माहेर अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं, प्रोटेस्टंट. वडील जेवणाआधी डोळे मिटून आपल्याच शब्दांत प्रार्थना करायचे. पाऊस, सोसायटीचं कर्ज, गाभण म्हैस, सगळं त्यात यायचं. इथे गोव्यात, कॅथलिक सासरी, दिवेलागणीला अख्खं घर आल्तारापुढे (घरच्या वेदीपुढे) गुडघे टेकतं आणि कोकणीतून तेर्स सुरू होतो. 'नमान मोरये' ही मरियेची प्रार्थना एकामागून एक, पन्नास वेळा. भाषा आता कळते, पण निम्म्यावर येईतो माझे कान कुकरच्या शिट्ट्यांकडे. बोटं तेवढी मण्यांवरून सरकतात. याला प्रार्थना म्हणायचं का?

पुण्याचा वाचक:
बायबलातलं मत्तय ६:७ वाचा. व्यर्थ बडबड नको म्हणून प्रभूनेच सांगितलंय.

सासष्टीकर:
मग स्तोत्र १३६ पण वाचा की. २६ वचनं, आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच एक पालुपद. असो.

ताई, 'नमान मोरये'चा पहिला भाग लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातलाच आहे. देवदूताचं मरियेला अभिवादन आणि तिची नातलग अलिशिबा हिचे उद्गार. तुमच्या माहेरच्या बायबलातही ते आहेत.

मन भटकतं म्हणून तर दर दहा मण्यांना येशू-मरियेच्या आयुष्यातला एक प्रसंग नेमून दिलाय. सोमवार-शनिवार आनंदाचे, मंगळवार-शुक्रवार दुःखाचे, बुधवार-रविवार गौरवाचे. गुरुवारचे प्रकाशाचे प्रसंग पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली घातले. आमच्या आईने ते काही मनावर घेतले नाहीत, गुरुवारी ती शेवटपर्यंत आनंदाचेच म्हणायची!

मी शब्दांमागे धावत नाही. मंगळवारी गेथशेमाने बाग (येशूने अटकेआधी व्याकूळ होऊन प्रार्थना केली ती) आली की आमच्या वाड्यावरचा एकजण डोळ्यांसमोर आणतो, डायलिसिसवर आहे बिचारा. ते दहा मणी त्याचे. तुमची शिट्टी झाली तर पुढचा मणी त्या भातावर जेवणाऱ्यांच्या नावे टाका.

आणि तेर्सानंतर मेलेल्यांसाठी, सांत आंतोन या संतासाठी अशी जादा प्रार्थनांची शेपटी असतेच ना? तिथे सासूबाईंना विचारून दोन मिनिटं मराठीत बोला, वडील बोलायचे तसं. आमच्या वहिनीने हे सुरू केलं. पोरं एरवी पेंगतात, तेव्हा मात्र जागी असतात, कारण त्यांच्या परीक्षेचं नाव निघतं. मग थोरांकडे बेसांव (आशीर्वाद) मागून सगळे जेवायला.

बारदेशची सून:
विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "बोल गो, पण आटोपशीर. आणि सुरुवात नळाच्या पाण्यापासून कर."