सभेत मी बोलते, लोक माना डोलावतात आणि पुढे काहीच होत नाही

द्राक्षवेल_निफाड:
निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीची मी सीईओ आहे. पद मोठं, ऑफिस म्हणजे पॅकहाऊसच्या वरची पत्र्याची खोली. सभासद सगळे द्राक्षवाले, बरेचसे माझ्या वडिलांच्या वयाचे. मी वाढले नाशिकला कॉलेज रोडवर, एमबीए केलं ते शेती व्यवसायात.

संचालकांनी मला पुण्याला नेतृत्वाच्या शिबिराला पाठवलं होतं. खांदे ताठ ठेवा, नजरेला नजर द्या, सुरुवात गोष्टीने करा, महत्त्वाच्या वाक्याआधी थांबा. परवाच्या बैठकीत सगळं तसंच केलं. पुढच्या रांगेतले एक काका म्हणाले, "ताई, आज बरं नाही का?"

आता गोडी बहाराच्या, म्हणजे फळ धरायच्या, छाटण्या तोंडावर आल्यात. त्याआधीच्या सभेत दोन गोष्टी सांगायच्या आहेत. निर्यातदाराने मागच्या हंगामात कापलेले पैसे परत मिळणार नाहीत. आणि फवारणीची नोंदवही पूर्ण नसेल तर यंदा माल पॅकहाऊसला घेतला जाणार नाही. एक संचालक सुचवतात, जरा गावरान बोल म्हणजे लोकांना आपली वाटशील. मला ते सोंग वाटतं. पण शिबिरातलंही सोंगच होतं. मग बोलू कशी?

जुना_सचिव:
ताई, मी पिंपळगाव बसवंतचा. सोसायटीत सचिवकी करण्यात आयुष्य गेलं. गावरानच्या भानगडीत पडू नका.

१९८० च्या शेतकरी संघटनेच्या कांदा आंदोलनात आमच्या भागाने दोन तऱ्हेचे वक्ते ऐकले. आमच्या गावचे माधवराव मोरे उभे राहिले की भाषा रांगडी, सभा एकदम पेटायची. संघटनेचे नेते शरद जोशी अगदी उलटे. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून आलेला माणूस. शहरी मराठी, आणि बोलणं सगळं उत्पादन खर्च आणि भावाच्या हिशेबाचं. लोक दोघांच्याही शब्दावर रस्त्यावर उतरले. जोशींनी मोऱ्यांची नक्कल केली असती तर दुसऱ्या सभेला कुत्रं फिरकलं नसतं. तुम्ही कॉलेज रोडच्या आहात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लपवायचं कशाला?

आता पैशाचं. नमस्कार झाला की पहिलं वाक्य त्याचंच हवं. किलोमागे किती कापले, का कापले, निर्यातदाराने लेखी काय दिलंय. त्या पत्राची झेरॉक्स भिंतीला लावा. तुम्ही गोष्टीने सुरुवात केलीत की शेतकऱ्याला लगेच वास येतो, ताई काहीतरी गुंडाळतेय. व्यापारी पळून जाण्याआधी फार गोड बोलतो, हे आमच्याकडे प्रत्येक घराने पाहिलंय.

२०१० साली सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा तुम्ही शाळेत असाल. त्या वर्षी मी दोन प्रकारचे पुढारी पाहिले. एक म्हणत राहिले, "बोलणी चालू आहेत." दुसऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात कोणाचा माल कुठे अडकलाय आणि पैसे येतील असं धरून चालू नका, हे तोंडावर सांगितलं. शिव्या दुसऱ्यांनीच जास्त खाल्ल्या. पण पुढच्या हंगामात माल त्यांच्याकडेच आला.

सांगून झालं की गप्प बसा. ओरडतील, ओरडू द्या. प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायची घाई नको. एखादी गोष्ट माहीत नसेल तर "विचारून सांगते" म्हणा आणि वार सांगा. त्या वारी फोन करा, उत्तर मिळालेलं नसलं तरी.

अंबडचा_फोरमन:
सचिव काकांशी सहमत, फक्त ओरडण्याचं सोडून. आमच्याकडे कारखान्यात शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या छोटी मीटिंग होते. तिथे एकाला मोकाट सोडलं की बाकीचे मोबाईल काढतात. दोघा-तिघांचं ऐका, मुद्दे फळ्यावर लिहा, पुढे चला.

मला काळजी दुसऱ्या विषयाची वाटते. "माल घेणार नाही" हे तुम्ही म्हणताय की संचालक मंडळ म्हणतंय? मंडळाच्या आड लपून बोललात तर कोणी मनावर घेणार नाही. आणि पहिलीच गाडी एखाद्या संचालकाची आली, वही कोरी, तर परत पाठवाल? याचं उत्तर सभेआधी संचालकांकडून घ्या. नसेल मिळत तर तो नियम सभेत बोलूच नका. उत्पादक कंपनीत एका सभासदाला एकच मत असतं, दहा एकरवाला असो की एक एकरवाला. पण गेटवर सवलत कोणाला मिळते याकडेच सगळ्यांचं लक्ष असतं.

बागेतली_बाई:
तुम्ही सगळे सभेचं बोलताय. वही भरतं कोण? आमच्या घरी मी भरते. फवारा मालक मारतात, औषधाचं नाव विचारलं की म्हणतात लिही काहीतरी. पानावर डावणी रोग दिसला की रात्रीतून फवारणी होते, सकाळी डबा फेकलेला असतो. मी कचऱ्यातून डबा काढून नाव उतरवते. पीएचआय म्हणजे फवारणीनंतर किती दिवस माल तोडायचा नाही, हे मला कंपनीतल्या कोणी सांगितलं नाही, दुकानदाराने सांगितलं.

१९८६ ला चांदवडला शेतकरी बायांचं अधिवेशन झालं, माझी सासू गेली होती. ती अजून सांगते, तिथे पहिल्यांदा कोणीतरी आमच्याशी बोललं, आमच्याबद्दल नाही. तुमच्या सभेत खुर्च्यांवर सगळे बाप्ये. ते माना डोलावतात कारण काम त्यांना करायचंच नाहीये.

द्राक्षवेल_निफाड:
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सभासद यादीवर नावं पुरुषांची, म्हणून निरोपही त्यांनाच जातात. छाटणीआधी वही भरणाऱ्यांची वेगळी बैठक घेते, औषधांचे रिकामे डबे समोर ठेवून. अंबडच्या दादांचा प्रश्न अध्यक्षांना विचारला. "बघू" म्हणाले. तोवर नियम जाहीर करत नाही, कापलेल्या पैशांचं मात्र या सभेत सांगते. बायकांची बैठक सकाळी अकराला ठेवली तर?

बागेतली_बाई:
अकराला आम्ही बागेत. दुपारी दोनला ठेवा आणि चारला सोडा, पाचला धारा काढायच्या असतात. पॅकहाऊसवर नको, तिथे बाप्ये येऊन उभे राहतात. मराठी शाळेत घ्या. आणि निरोप बाईच्या फोनवर द्या.