लेंगा नेमका कुणाचा? लहंगा, परकर, घागरा आणि विजार

कृष्णाकाठची: एक राजस्थानी लोककथा हिंदीतून मराठीत आणतीये, सांगलीत आम्ही काही जणी मिळून रविवारी पोरांना गोष्टी वाचून दाखवतो त्यासाठी. गोष्टीत आजीच्या घेरदार लहंग्याआड नातू लपतो आणि आजी त्याला कुणाला सापडू देत नाही. मी लहंगा-लेंगा एकच धरून सरळ 'आजीच्या लेंग्याआड' लिहिलं. वाचायला लागले तर पहिल्याच ओळीला एका पोरानं विचारलं, आजीनं आजोबांचा लेंगा का घातलाय? आणि पुढं सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात अडकली, कारण लेंग्याआड लपणार कसं, त्याला घेर कुठं असतो! आता परकर लिहू का घागरा? आणि हिंदीत बाईचं असलेलं वस्त्र आपल्याकडं पुरुषाचं कसं झालं? एकच शब्द आहे का दोन वेगळे?

शिंपीआळी: ताई, लेंगा गड्याचाच, दुसरा अर्थ मी तासगावात ऐकलेला नाही. तिसरी पिढी मशीनवर बसलीय आमची. लेंग्याचं आसन खोल ठेवायचं, मांडी घालून जेवायला बसला तरी कुठं ताण येता कामा नये, मोहरी म्हणजे पायाचं खालचं तोंड रुंद, कमरेच्या नेफ्यात नाडी. पायजमा त्यापेक्षा जरा अंगाबरोबर येतो, मोहरीला निमुळता. वडील मांजरपाटाचे लेंगे शिवायचे, ते कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून गिऱ्हाइकाला आधी भिजवून वाळवून आणायला सांगायचे, तसंच कोरं आणलं तर कात्री लावायचे नाहीत, मग माणूस कितीही ओळखीचा असू दे. बाईचं आणि घेरदार असेल तर घागरा लिहा.

माणदेशी: लेंगा आणि पायजमा एकच हो दादा. आमच्या दहिवडीकडं म्हातारी माणसं पायजमा म्हणतच नाहीत, लेंगाच म्हणतात, पुण्या-मुंबईला जाऊन आलेली पोरं पायजमा म्हणायला लागतात. मोहरीचा फरक तुमच्या दुकानातला असेल. आणि मग विजार कुठं बसवणार?

शिंपीआळी: विजार बटणाची, खिसेवाली. पँटच्या अलीकडची.

माणदेशी: छे. आमच्यात विजारीला पण नाडीच. आजोबा म्हसवडच्या बाजाराला निघाले की 'इजार काढून ठेव रं' म्हणायचे आणि नाडी मीच ओवून द्यायचो, जुन्या टूथब्रशच्या दांडीनं. सांगलीकडचं काही वेगळं असेल तर माहीत नाही.

शिंपीआळी: वेगळं कसं असेल, आमचं तासगाव, वाळवा, खानापूर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होतं की. मग दक्षिण सातारा झालं आणि १९६० ला सांगली जिल्हा नाव पडलं. माणसं तीच, लेंगे तेच.

शब्दवेडा: माणदेशी, तुमच्या आजोबांच्या तोंडचं 'इजार' हेच मूळ रूप, अरबी इझार. आणि गंमत बघा, इझार हा शिवलेला कपडाच नव्हे, कमरेला गुंडाळायचं वस्त्र. हजला जाणारे पुरुष खाली जे न शिवलेलं पांढरं कापड गुंडाळतात त्याला आजही इझारच म्हणतात. आपल्यापर्यंत येईतो त्याला दोन पाय फुटले. तेव्हा नाडी का बटण यावर भांडू नका, मुळात त्याला दोन्ही नव्हतं. पायजमा फारसी, पाय आणि जामा, जामा म्हणजे कपडा. तुमान पण फारसी, तुंबान. तुम्ही म्हणताय तो नेफासुद्धा फारसी. सुरवार म्हणजे शलवार, आणि हा शब्द आपल्या घरात दोनदा आला, आधी अंगरख्याखाली पुरुषाची सुरवार म्हणून, नंतर पंजाबी ड्रेसबरोबर बाईची सलवार म्हणून. ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच, की सुरवार पुरुषाकडून बाईकडं गेली तर लहंगा बाईकडून पुरुषाकडं यायला काय हरकत? लंक म्हणजे कंबर, जुन्या हिंदी कवितेत भेटतो, त्यावरून लहंगा असं मी धरतो. कमरेवर बांधायचं ते लहंगा, मग खाली घेर असो का पाय असोत.

अजिंक्यतारा: पस्तीस वर्षं मराठी शिकवलं, म्हणून थोडं तळमळीनं लिहितो. हे सगळे परके शब्द मोजून दाखवण्यात आपल्याला आनंद का वाटतो? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशासाठी, फारसी शब्दांना आपले प्रतिशब्द मिळावेत म्हणूनच ना? पैलवान आणि पाइक गुडघ्यापर्यंत घालायचे तो चोळणा होता, धोतर होतं, अंगरखा होता. मुलांसाठी लिहिताना तरी इजार, तुमान, जामा यांच्या मागं जाऊ नका. घागरा हा आपला शब्द आहे, तो घ्या.

शब्दवेडा: सर, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, तो कोश राजदरबाराच्या आणि कारभाराच्या शब्दांचा होता. सावरकरांनी दिलेले दिनांक, महापौर रुजले, कारण ते कागदावर आणि पाटीवर लिहिले गेले. लेंगा रोज सकाळी घालायचा असतो, त्याचं नाव आई घरात हाक मारून सांगते, ते कोण बदलणार? फारसी-मराठी कोश १९२५ चा, तो करणारे माधव जूलियन पुढं स्वतः भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, पण त्यांनी आधी ते शब्द नीट गोळा तरी केले. आपण निदान तेवढं करू.

अजिंक्यतारा: गोळा करायला माझी ना नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत 'सदरा' गेला आणि 'शर्ट' उरला, तेव्हा मुलांना सदरा हा शब्द मी फळ्यावर लिहून, अंगावरचा दाखवून शिकवला आहे. शब्द वापरला नाही तर जातो, एवढंच म्हणतो.

माणदेशी: सर, सदरा पण अरबीच म्हणतात की, सद्र म्हणजे छाती.

अजिंक्यतारा: असू दे. तो आता माझा आहे.

शब्दवेडा: बास सर, मी पण तेच सांगत होतो.

वाईची लेक: मूळ प्रश्न राहिला बाजूला. ताई, परकर मात्र लिहू नका, कळकळीनं सांगते. आपल्याकडं परकर दोन, एक लहान मुलीचा परकर-पोलक्यातला आणि दुसरा साडीच्या आतला. मोठ्या बाईच्या बाबतीत परकर म्हटलं की साडीच्या आतलाच आठवतो. तुमची आजी चारचौघांत, पाहुण्यांसमोर उभी आहे आणि तुम्ही तिला नुसत्या परकरावर उभी करणार? माझ्या आजीला तर दोरीवर परकर साडीच्या पुढं वाळत घातलेला पण चालायचा नाही, मागं घाल म्हणायची. आणि लेहंगा लिहिलात तर आताच्या मुलांना लग्नातला, टिकल्यावाला, रिसेप्शनचा दिसणार. घागऱ्याचं पण मला थोडं खटकतं, आपल्याकडं घागरा म्हणजे गॅदरिंगला घालायचा कपडा, रोज चुलीपुढं बसणाऱ्या म्हातारीचा वाटत नाही.

कृष्णाकाठची: अगदी हेच अडतंय! तिचा रोजचा, धुवून विटलेला कपडा आहे तो. आणि लपता येईल एवढा घेर पाहिजे.

माणदेशी: शब्दवेडा, जामा म्हणजे कपडा म्हणालात, मग जामानिमा त्यातलाच?

शब्दवेडा: त्यातलाच. जामा वरचा आणि निमा आतला आखूड. आणि जामदारखाना पण, राजघराण्यातले कपडे, दागिने जिथं राहायचे ती कोठी. ती सांभाळणारा तो जामदार.

शिंपीआळी: म्हणजे आमच्या गल्लीतले जामदार त्यावरूनच? मी आजपर्यंत जमादार-जामदार एकच समजत होतो.

शब्दवेडा: जमादार वेगळा, तो जमात म्हणजे जथ्था, त्याचा नायक.

माणदेशी: आमच्या शेजारच्या गावात जामदारांचा वाडा आहे, त्याच्या माळवदावर चढून आम्ही चिंचा पाडायचो. कपड्याची कोठी सांभाळणाऱ्यांचा वाडा हे आज कळलं. पोतनीस, फडणीस माहीत होतं, हे सुटलं होतं.

अजिंक्यतारा: औंधला संग्रहालय बघितलंय का कुणी? बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलेलं. तिथल्या जुन्या चित्रांमधले पायघोळ जामे बघा, कमरेपासून खाली चुण्या आणि घेर, पुरुषांच्याच अंगावर. घेर म्हणजे बाईचं हे समीकरण तिथं मोडतं.

वाईची लेक: सर, हे फार चांगलं सांगितलंत. सहलीला गेलो होतो पण तेव्हा कपड्यांकडं लक्षच दिलं नाही.

जतकडची: उशिरा वाचतीये. लेंगा बाईचा नसतोच असं वर शिंपीआळी दादांनी ठाम लिहिलंय, त्याला माझा विरोध. जतला आमच्या वस्तीवर तांड्यावरच्या लमाणी बाया यायच्या, भिंगं लावलेल्या पिशव्या घेऊन. त्यांच्या त्या घेरदार वस्त्राला त्या स्वतः फेटिया म्हणतात, पण माझी आजी 'लमाणणीचा लेंगा' असंच म्हणायची. रोज घालायचा, धुवून विटलेला, आणि घेर एवढा की कडेवरचं पोर खाली उतरलं की त्यातच शिरायचं.

शिंपीआळी: घागरा म्हणत असेल ताई, लहानपणीचं ऐकलेलं फसवं असतं.

जतकडची: नाही दादा. आजी एकदा भिंगाच्या कामाकडं बघून म्हणाली होती, असा लेंगा शिवायला वरीस जात असंल. वाक्य जसंच्या तसं डोक्यात आहे.

कृष्णाकाठची: मग आजोबांच्या लेंग्याला काय म्हणायची?

जतकडची: आजोबा धोतर नेसायचे, शेवटपर्यंत. काका पँट. आमच्या घरात पुरुषाचा लेंगा कधी नव्हताच, त्यामुळं तो शब्द दुसऱ्या कशासाठी वापरायची तिला वेळच आली नाही.

शब्दवेडा: आजी आहेत का अजून? त्यांना विचारता येईल का, त्यांच्या माहेरी कोण काय म्हणायचं ते. माहेर कुठलं?

जतकडची: आहे. माहेर विजापूरच्या अलीकडं. कमी ऐकू येतं तिला आता, जवळ जाऊन मोठ्यानं बोलावं लागतं. मंगळवारी गावी जाणार आहे, तेव्हा विचारते.