आरशासमोर जमणारी हातचलाखी माणसांसमोर का अवघडते?

प्रश्न

नमस्कार. गेले वर्षभर मी नाण्यांचे आणि पत्त्यांचे प्रयोग शिकत आहे. आरशासमोर फ्रेंच ड्रॉप (नाणे डाव्या हातातून उजव्या हातात घेतल्याचे भासवून डाव्यातच ठेवण्याची चलाखी) स्वच्छ जमतो, परंतु गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपात तोच प्रयोग करताना खांदे आखडले, बोलणे तुटले आणि मी उजवी मूठ उघडण्यापूर्वीच पुढे बसलेली एक लहान मुलगी म्हणाली, "काका, नाणं त्या हातात आहे." हालचाल सहज दिसावी आणि मनही स्थिर राहावे, यासाठी सराव कसा करावा?

उत्तर १

त्या मुलीला बहुधा चलाखी दिसली नसावी; तिला आपला डावा हात दिसला असावा. नाणे तळव्यात उतरल्यावर नवशिक्याचा तो हात हवेतच ताठ राहतो, पण खरोखर नाणे देऊन मोकळा झालेला हात सैल पडून आपसूक खाली येतो. म्हणून आठवडाभर चलाखी बाजूला ठेवा आणि रोज चाळीस-पन्नास वेळा नाणे डाव्या हातातून उजव्या हातात खरोखरच घ्या. नजर कुठे जाते, नाणे धरलेली मूठ किती फुगीर दिसते, डावा हात केव्हा खाली येतो, हे नीट पाहा. मग एकदा खरे आणि एकदा खोटे असे करत मोबाइलवर चित्रण करा. दोन्हींतला फरक आपल्याला स्वतःलाच ओळखता येत असेल, तर प्रयोग अजून कच्चा आहे. केवळ आरशावर विसंबू नये, कारण ऐन चलाखीच्या क्षणी अनेकांचे डोळे नकळत मिटतात आणि मिटलेल्या डोळ्यांना आरसा दिसत नाही. कॅनडात जन्मलेले जादूगार डाय व्हर्नन (१८९४–१९९२) यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो या सहजतेचाच.

उत्तर २

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. त्याला बोलण्याची जोड हवी. "हे अगदी साधे नाणे आहे" असे आपण म्हणत असाल, तर ते वाक्य कृपया काढून टाका, कारण ज्याच्या मनात शंका नव्हती त्याच्याही मनात ती त्यामुळे येते. जादूगार जिकडे पाहतो तिकडेच प्रेक्षक पाहतात, म्हणून आधी रिकाम्या मुठीकडे पाहा, मग समोरच्याच्या डोळ्यांत पाहून एखादा खराखुरा प्रश्न विचारा. तो उत्तर देण्यासाठी मान वर करतो, तेवढ्यात डावा हात खाली येऊ द्यावा. पेशाने घड्याळजी असलेले फ्रान्सचे जादूगार रोबेर-हूदँ यांनी जादूगाराला जादूगाराची भूमिका करणारा नट म्हटले होते. नटाला स्वतःचे म्हणणे खरे वाटावे लागते; नाणे उजव्या मुठीत आहे, असे आपल्यालाही क्षणभर वाटले पाहिजे.

उत्तर ३

हात थरथरत असतील, तर सुरुवात एकवीस पत्त्यांच्या प्रयोगाने करावी. सात-सात पत्त्यांच्या तीन रांगा तीनदा मांडायच्या आणि निवडलेल्या पत्त्याची रांग दर वेळी मध्ये ठेवून पत्ते गोळा करायचे, म्हणजे तो पत्ता अकरावा येतोच. प्रयोग काहीसा लांबतो हे खरे, पण लपवण्यासारखे काहीच नसल्याने माणसांसमोर बोलण्याची सवय होते. नाणे त्यानंतर बाहेर काढावे.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. काल रात्री वीस वेळा चित्रण केले. डावा अंगठा प्रत्येक खोट्या वेळी तळव्याला चिकटलेला दिसतो. खऱ्या वेळी एकदाही नाही. आठवडाभर आता नाणे खरेच घेणार आहे.