मदत हवी आहे: बेकेटचं चरित्र वाचताना

जेम्स नोल्सनने लिहिलेलं आयरिश नाटककार सॅम्युअल बेकेटचं चरित्र, 'डॅम्ड टू फेम' (1996), वाचतोय. बेकेट म्हणजे मुलाखती टाळणारा, 1969 चं नोबेल घ्यायलाही न गेलेला माणूस. पण या चरित्राला त्याने स्वतः संमती दिली होती. युद्धकाळातला भाग झपाटल्यासारखा वाचला: पॅरिसमधला त्याचा नाझीविरोधी प्रतिकार गट फुटला, मग दक्षिण फ्रान्समधल्या रुसियों गावी पळून जाऊन तिथे शेतावर राबणं.

अडलोय ते पुढे. बेकेटच्या 'क्रॅप्स लास्ट टेप' या नाटकात क्रॅपला (आपल्या लेखनाची दिशा उमगण्याचा) साक्षात्कार होतो तो वादळी रात्री, बंदराच्या धक्क्यावर. बेकेटने मात्र नोल्सनला बजावलं, की आपल्याला तो झाला आईच्या खोलीत. असं कळलं की नाटक वाचताना सारखं आयुष्यच शोधत बसतो, आणि ते मला नकोय. (तळटीपांनी तर जीव काढलाय!)

जाणकारांनो, 'एंडगेम' आणि शेवटची छोटी नाटकं आधी वाचू की चरित्र पुरं करू? डिएर्ड्री बेअरचं 1978 चं चरित्र यानंतर वाचण्यात अर्थ आहे, की सरळ बेकेटच्या पत्रांचे चार खंड धरू? आणि 'वेटिंग फॉर गोदो' हे नाटक सोडून बेकेटचं मराठीत काही मिळतं का?